मास्तर मोड

दुपारची वेळ होती, रेकॉर्डिंगचं काम नव्हतं, आणि डीजे माइकच्या वायरी गुंडाळत बसला होता. आता डीजे म्हणजे खराखुरा डीजे नव्हे हं. शाळेत असताना तोंडाने गेमचे आवाज काढायचा, म्हणून मित्रांनी ठेवलेलं नाव जन्माचं चिकटलं. पुढे पठ्ठ्या साउंड रेकॉर्डिस्टच झाला. एका छोट्याशा स्टुडिओत जाहिराती, पुस्तकांची वाचनं, असलं काहीबाही रेकॉर्ड करायचा. हात कामात होते, पण डोळे सारखे दाराकडे जात होते. मास्तरची ताई येणार होती, आणि तिला तोंड कसं दाखवायचं हे त्याला कळत नव्हतं.

त्याचं असं झालं. डीजे, मास्तर आणि बिल्डर, हे तिघं शाळेमागच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एका रिमोटवरून भांडत वाढले. डोक्यावरचे केस विरळ झाले तरी रणगाड्यांचा तोच जुना गेम ते दर रविवारी खेळायचे. आता आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून. मास्तर खरोखरच शाळेत गणित शिकवायचा. पण खेळायला बसला की 'नूब', 'लॅग', 'जीजी' अशी आजकालच्या पोरांची भाषा बोलायचा. ती त्याला जराही शोभायची नाही, म्हणून जास्तच मजा यायची. त्यांचा एक नियम होता. खेळता खेळता जो गप्प होईल, त्याला बाकीच्यांनी श्रद्धांजली वाहायची, म्हणजे चॅटमध्ये नुसतं 'एफ' टाकायचं. इंटरनेटवर सगळेच टाकतात, कुणाचा पोपट झाला की टाक एफ! डीजे हे सगळं रेकॉर्डही करायचा, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. धंद्याची सवय, दुसरं काय.

गेल्या रविवारी मास्तर मध्येच गप्प झाला. त्याचा रणगाडा भिंतीला नाक लावून उभा राहिला, आणि हेडफोनमधून यायला लागलं... घर्रर्र... घर्रर्र...

"झोपला रे झोपला!" बिल्डर ओरडला.

"एफ टाका, एफ!" डीजे म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले.

ते घोरणं इतकं झकास होतं की डीजेने त्याच संध्याकाळी तेवढं कापलं. आवाज चिमणीसारखा बारीक केला, खाली गेमची टिंगटिंग धून लावली, डोळे मिटून मान डोलावणारा हिरवा रणगाडा काढला, नाव दिलं 'मास्तर मोड' आणि टाकलं इंटरनेटवर. ते कुठल्या कुठे गेलं! लोक आपल्या पेंगणाऱ्या साहेबांच्या, बाळांच्या, कुत्र्यांच्या व्हिडिओंवर ते चिकटवायला लागले. डीजेची कॉलर ताठ.

मग दुसऱ्या दिवशी बिल्डरचा फोन आला. रडत होता. मास्तर खुर्चीतच गेला होता, कानाला हेडफोन तसाच. "ते घोरणं नव्हतं रे," बिल्डर म्हणाला, "डॉक्टरांना विचारलं मी. शेवटचा श्वास असाच येतो म्हणे, अडकत अडकत. काढून टाक ते. आत्ताच्या आत्ता काढ!"

डीजेने काढलं. पण आता ते त्याच्या हातात थोडंच राहिलं होतं? लाज इतकी वाटत होती की आरशासमोर दाढी करायलाही त्याच्याने उभं राहवेना.

ताई आली. आई गेल्यावर मास्तरला हिनेच वाढवला होता. डोळे सुजलेले, तरी डीजेला बघून जरा हसल्यासारखं केलं तिने.

"त्या पार्लरमधून कान धरून आणायचे मी तुम्हाला. आठवतं?"

"हो ताई."

"तू सगळं रेकॉर्ड करायचास ना? सांगायचा तो. मला त्याचा आवाज दे. हसताना असला तर बरं. रोज फोनवर बोलायचो रे, पण एकदाही जपून ठेवला नाही." मग तिने आवाज खाली आणला. "त्याला त्रास झाला का रे? तू होतास ना त्या वेळी..."

"नाही ताई. मस्त हसत होता. मग... झोपल्यासारखा वाटला."

"चला, एकटा तरी नव्हता," ताई म्हणाली. "तुम्ही होतात सोबत."

डीजेला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिला बाहेरच्या खोलीत बसवून तो घाईघाईने आत गेला आणि जाड दार लावून घेतलं. ही आतली खोली म्हणजे विचारू नका. भिंतींना फोम, जमिनीवर गालिचा, धूळ आणि तापलेल्या मशीनचा वास. बाहेरचा हूं की चूं आत येत नाही. बाहेर बसलेली ताई तेवढी मोठ्या काचेतून दिसत होती.

त्याने हेडफोन लावला, मास्तरचा ट्रॅक उघडला. मास्तरचं खळखळून हसणं लवकरच सापडलं. तेवढं कापून त्याने बाजूला ठेवलं आणि ट्रॅक वाजवणं बंद केलं. पडद्यावरची रेघ थांबली.

आवाज थांबला नाही.

कुठल्यातरी खोलीत पंखा फिरत होता. खुर्ची करकरली. अगदी कानापाशी तो श्वास आला... घर्रर्र... आणि मग लांबून, छोट्याशा हेडफोनमधून यावं तसं पातळ हसू. "एफ टाका, एफ!"

डीजेने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. तो त्याचाच आवाज होता, पण मास्तरच्या खोलीतून ऐकू येणारा, मास्तरच्या कानांनी ऐकलेला. मास्तरच्या ट्रॅकवर दुसऱ्या कुणाचा आवाज येणं शक्यच नव्हतं, आणि हे तर रेकॉर्डिंगही नव्हतं. तरी बिल्डर हसत होता, तो स्वतः हसत होता. मग त्यात एक अनोळखी बाई हसली. एक लहान मूल हसलं. कुठल्याशा हॉस्टेलमधली पोरं एकदम खिदळली. एकेक करत माणसं येत होती, हसून जात होती, आणि त्या सगळ्यांच्या खाली तो श्वास चालूच होता. मास्तर ऐकत होता. अजून ऐकत होता.

"माफ कर रे..." डीजे पुटपुटला. "मास्तर, चुकलं रे माझं..."

हेडफोन काढायला हात वर गेले, आणि त्याची नजर काचेकडे गेली. ताईच्या फोनवर काहीतरी आलं होतं. तिने डोळे पुसले, फोन जवळ धरला, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं.

"ताई, नको!" तो ओरडला. बाहेर काय जाणार डोंबल! त्याने काचेवर थापा मारल्या. ताईला वाटलं, बोलावतोय. तिने हसत हसत फोन काचेला लावून दाखवला. हिरवा रणगाडा डोळे मिटून मान डोलावत होता. किती दिवसांनी हसत होती बिचारी, खांदे हलत होते.

त्या जाड काचेतून काहीच ऐकू येत नव्हतं. पण हेडफोनमध्ये तिचं हसू आलं, सगळ्यांच्या हसण्यात मिसळलं.

श्वास एकदम थांबला. खुर्ची करकरली.

"ताई...?" मास्तर म्हणाला.