पुस्तकात नसलेलं वाक्य

डोळे मिटा बघू. पूर्ण मिटा... फटीतून बघणारे मला लगेच ओळखू येतात. आता समजा, तुम्हाला काहीच दिसत नाही, पण गोष्ट मात्र हवीच आहे. मग काय कराल? कुणाला तरी म्हणाल, "वाच की जरा!" आणि ज्याला म्हणालात तो निघाला उतावळा, पानं गाळणारा, मध्येच जांभया देणारा. झालं की नाही गोष्टीचं वाटोळं?

असं वाटोळं होऊ नये म्हणून एका ग्रंथालयानं तळमजल्यावर एक खोली केली होती. खिडकी नसलेली, भिंतींना जाड कापड लावलेली. दार इतकं जड की दोन्ही हातांनी ओढावं लागे. खोलीच्या मध्ये काच, आणि दोन भागांमध्ये तसंच एक जड दार. काचेपलीकडे एक माणूस पुस्तक वाचायचा आणि अलीकडे दुसरा ते वाचन यंत्रात साठवायचा. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तिथं बोलकी पुस्तकं तयार होत.

उघडा आता डोळे. पुढचं तुम्हालाच वाचायचं आहे.

तर एके दिवशी या ग्रंथालयात एक कवयित्री तीन नव्या कादंबऱ्या परत करायला आली.

"तिन्ही वाचून झाल्या?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"सुरुवात वाचली. शेवट कळला."

ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नेहमीच्या वाचकाचा घसा बसला होता आणि त्या सकाळपासून माणूस शोधत होत्या. "मोठ्यानं वाचता येतं ना तुम्हाला?"

"आजवर माझ्याच कविता वाचल्यात मी मोठ्यानं."

"मग आता दुसऱ्यांचं वाचा. अर्धवट सोडल्याचा दंड समजा!"

अशी ती त्या खोलीत शिरली. काचेपलीकडे कानांवर वाटीएवढे हेडफोन लावलेला एक तरुण बसला होता. त्यानं मान न उचलता खुर्चीकडे बोट दाखवलं. तिनंही समोरचे हेडफोन चढवले आणि वाचायला सुरुवात केली. अर्धं पान झालं असेल नसेल, तेवढ्यात तिच्या कानात त्याचा आवाज आला... अगदी जवळून, जणू शेजारीच बसलाय.

"थांबा. परत."

"चुकलं का काही?"

"छे! वाचन छान आहे. पण तुमच्या पोटातले कावळेही बरोबर वाचतायत."

ती कानापर्यंत लाल झाली. जड दार किलकिलं झालं आणि एक हात बिस्किटांचा पुडा घेऊन आत आला. "खाऊन घ्या आधी. नायिका श्रीमंत घरची आहे, तिचं पोट वाजून कसं चालेल?"

या तरुणाला सगळे कानसेन म्हणत. लहानपणी तो गाणं शिकायला गेला होता. गुरुजींनी थोडे दिवस ऐकून घेतलं आणि मग डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, गळा राहू दे. कान मात्र सोन्याचे आहेत तुझे." त्यानं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. ऐकणं हेच काम धरलं.

दंड एका दिवसाचा होता, पण कवयित्री दुसऱ्या दिवशीही आली. मग रोज दुपारी येऊ लागली. बरोबर तिची आठ वर्षांची भाची असायची, कारण ताईची कामाची वेळ दुपारची होती. भाचीच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे, म्हणून घरात तिचं नाव टकळी. पण गोष्ट सुरू झाली की टकळी कानसेनशेजारच्या स्टुलावर गप्प बसे. ताईचा यावर कधी विश्वास बसला नाही.

मनातल्या मनात वाचताना कवयित्री जे गिळून टाकायची, ते आता तिला चावून खावं लागत होतं. मोठ्यानं वाचताना पान गाळता येत नाही. वर्णनाला श्वास द्यावा लागतो आणि खोटं वाक्य जिभेवर अडतं. तिच्या लक्षात आलं, हल्लीच्या कादंबऱ्यांमध्ये कुणीही खिडकी पुसत नाही, सगळे फक्त खिडकीतून बाहेर बघतात. नव्या कवितांमध्ये रिकाम्या खुर्च्या फार. एका संग्रहात तर इतक्या, की कानसेन म्हणाला, "लग्नाचा हॉल मांडून होईल."

कवितेपाशी तो नेहमी अडायचा.

"ही ओळ मध्येच तुटलीय. इथं काय करायचं?"

"थांबायचं."

"किती वेळ?"

"तुटली हे कळेल इतकाच."

"आणि जोडली हे कधी कळणार?"

"ते पुढच्या ओळीवर आहे—" ती म्हणाली आणि उगाचच पुस्तकात बघू लागली.

पुस्तक संपलं की दोघं जिन्यापाशी चहा घ्यायची आणि ती निकाल द्यायची. निकाल बहुधा ठरलेला असे. "बरं आहे, पण आधी वाचलंय." तिला हे थंडपणे, राग न धरता म्हणता यायचं. तिची स्वतःची कवितासुद्धा याच निकालापायी बंद पडली होती. ओळ सुचली रे सुचली, की आतून कुणीतरी म्हणे, हे वाचलंय.

"तुम्ही वाचलं असेल," कानसेन कपात फुंकर घालत म्हणायचा, "ऐकणाऱ्यानं कुठं ऐकलंय?"

"ऐकणाऱ्याची बाजू घेण्याचा पगार मिळतो वाटतं तुम्हाला?"

"नाही, ती मी फुकट घेतो."

मग एक जाडजूड प्रेमकादंबरी आली. टकळी तिच्यात अशी गुंतली की रात्री जेवताना नायकाचं नाव घेऊन उसासे टाकू लागली. शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायक एकदाचा नायिकेपाशी मन मोकळं करतो. कवयित्रीनं ते वाचलं.

"परत," कानात आवाज आला. "हवामानाचा अंदाज सांगितल्यासारखं वाचलंत."

"मग काय करू? 'तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही.' या खुर्चीत बसल्यापासून अशी किती माणसं पाहिली मी! सगळी पुढच्या पानावर चहा पितात."

"मग कसं म्हणायला हवं होतं त्यानं?"

"मला काय माहीत! ते लेखकाचं काम."

यंत्राची बारीक घरघर तेवढी ऐकू आली. मग कानात अगदी हळू आवाज आला...

"तुम्ही आला नाहीत त्या दिवशी ही खोली फार शांत होते. खरं तर शांतता मला आवडते... पण ती नाही आवडत. तुम्ही रोज यावं असं वाटतं. कायमच."

कवयित्रीनं पान उलटलं, परत मागे आणलं. "हे कुठल्या पानावर आहे? माझ्याकडे दिसत नाही."

"पुस्तकात नाहीये ते."

तिनं मान वर केली. काचेपलीकडे कानसेन यंत्राकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. अशा वेळी माणूस हसतो, लाजतो, निदान खाली तरी बघतो. पण सवय वाईट. इतक्या पुस्तकांना निकाल दिलेली जीभ तिच्याआधी बोलून गेली—

"हं... शेवटचं 'कायमच' काढलं, तर वाक्य बरं होईल."

शब्द तोंडातून गेला तशी तिनं जीभ चावली. पण कानसेननं मान हलवली होती, एखादी दुरुस्ती पटल्यासारखी. "बरं," तो म्हणाला. "परिच्छेदाच्या सुरुवातीपासून घेऊ."

घरी जाताना टकळीनं मावशीचं बोट ओढलं. "मावशी, तू कानसेनकाकांना कमी मार्क दिलेस?"

"का गं?"

"त्यांचे कान लाल झाले होते."

दुसऱ्या दिवसापासून कानसेन तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. "श्वास ऐकू आला." "खुर्ची वाजली." "परत." रुसला नव्हता, चहाही आणून देत होता... पण कप तिच्यापाशी ठेवून आत निघून जायचा. मग ग्रंथपालबाईंकडून तिला कळलं, त्यानं सकाळची पाळी मागून घेतलीय. ही कादंबरी पुरी झाली की दुपारी दुसरं कुणी तरी बसणार.

राहिलं होतं एकच प्रकरण. ते वाचलं की संपलं सगळं.

कवयित्रीचा घसा बिघडला. म्हणजे तिनं तसं सांगितलं. त्यानंतर बिघडलेल्या घशाला कडक उन्हाचं, मग वाऱ्याचं निमित्त मिळालं. ती येऊन बसायची, लहानसहान कविता वाचायची आणि कादंबरी बाजूला सारायची.

"शेवट कधी वाचणार तू?" टकळी कावली होती. "त्या दोघांचं काय होतं?"

"काय व्हायचंय! लग्न होतं."

"वाचलंस?"

"न वाचताही कळतं."

"मग वाचायला घाबरतेस कशाला?"

कवयित्रीनं कादंबरी आणखी लांब सारली.

अशाच एका दुपारी वरच्या दालनात एक आजोबा भेटले. निवृत्त टपालमास्तर. म्हातारपणी दृष्टी गेलेली, पण पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. तिचा आवाज ऐकताच ते हातातली काठी टेकून थांबले.

"त्या कवितांचं पुस्तक तुम्हीच वाचलंत ना? दार लोटून घे, वारा येतोय... असं काहीतरी होतं त्यात."

कवयित्रीला आठवलं. कुणा नव्या मुलीचा संग्रह. त्या ओळीपाशी ती मनात म्हणाली होती, हिला काय कविता म्हणायची? "हो. साधीच ओळ आहे ती."

"साधी म्हणजे किती! आमची ही रोज संध्याकाळी तेच म्हणायची. मी कधी पटकन उठलो नाही. तिला जाऊन बरीच वर्षं झाली." आजोबा हसले. "परवा तुमच्या आवाजात ते ऐकलं आणि मी उठलो, चाचपडत गेलो अन् दार लोटून आलो. सून विचारते, बाबा, वारा कुठाय? आता तिला काय सांगू!"

"पण अशी वाक्यं तर सगळ्याच घरांत..."

"अहो, सगळ्या घरांत असेल. मला तिनंच म्हटलं होतं ना!"

आजोबा काठी टेकत गेले. कवयित्री तिथंच उभी राहिली. आजवर तिनं वाक्यं तपासली होती... नवं की जुनं, घट्ट की सैल. वाक्य कुणाच्या तोंडचं आणि कुणासाठी, हे तिनं फक्त परीक्षेला आलं तर विचारात घेतलं असतं. आणि स्वतःसाठी आलेलं वाक्य तिनं शिक्षिकेसारखं लाल शाईनं परत पाठवलं होतं.

ती खाली आली आणि म्हणाली, "शेवटचं प्रकरण घेऊ या."

टकळी टाळी वाजवणार होती, पण वेळेवर सावरली. कानसेननं क्षणभर कवयित्रीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

ती वाचत गेली. नायिका स्टेशनवर पोचली. गाडी सुटायला आली. शेवटचं पान उलटलं आणि पहिल्याच ओळीवर तिचा आवाज अडला.

"परत," कानात आवाज आला.

ती पुन्हा अडली.

"परत घेऊ. सावकाश."

तिनं पुस्तक उघडंच ठेवलं, हेडफोन काढले आणि जड दार ओढून ती काचेच्या त्या बाजूला, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. कानसेननंही कानावरचं काढलं.

"घसा?" त्यानं विचारलं.

"घशाला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं."

"माहितेय. घसा बसला की आवाज खाली जातो. तुमचा वर जात होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला एकदा दुरुस्त केलंत. मी तुम्हाला कशाला करू?"

बाहेर या, असं तिनं नुसत्या मानेनंच सांगितलं. दोघं जिन्यापाशी गेली. शब्दांवर पोट भरणारी बाई, पण कठड्यावरचा रंग नखानं खरवडत उभी राहिली.

"ते 'कायमच'—"

"काढलं मी ते."

"परत घाला."

आयुष्यात पहिल्यांदा कानसेनला आपण नीट ऐकलं की नाही, याची शंका आली असावी.

"वाक्य जुनंच राहील," तो म्हणाला.

"राहू दे. मला ते आजवर कुठं कुणी म्हटलं होतं!"

"आणि सकाळची पाळी?"

"ती काढा. ती दुरुस्ती माझी."

तो हसला. मग त्यानं ते वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी 'तुम्ही'च्या जागी 'तू' घालून. ते मी सांगत बसत नाही, तसली वाक्यं तुम्हीही पुष्कळ वाचली असतील. कवयित्रीनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. निकाल दिला नाही. फक्त कठडा सोडून तिनं त्याचा हात धरला, आणि खरवडलेला रंग त्याच्या तळव्याला लागला, तरी दोघांनाही तो दिसला नाही.

आत टकळी स्टुलावर बसून होती. यंत्र चालूच राहिलं होतं. तिनं काचेतून उघड्या पुस्तकाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मोठी माणसं काही लवकर येत नाहीत, हे तिला कळून चुकलं. इतके दिवस वाट बघितली, आणि एक पान उरलं असताना हे दोघं गायब! नायिका तिकडे स्टेशनवर ताटकळत उभी.

मग टकळी उठली. दोन्ही हातांनी ते जड दार ओढून आत शिरली, खुर्चीवर चढून मांडी घालून बसली, जोडाक्षरांवर बोट ठेवलं आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचायला लागली.