हॉइस्ट म्हणा, बाई

पहिल्याच दिवशी मी वॉकीटॉकीवर म्हटलं, "वर घ्या!" आणि क्रेनवाल्याने काहीही वर घेतलं नाही.

अकराव्या मजल्यासाठी सळयांचा भारा हुकाला बांधून तयार होता. मी नवीकोरी सिग्नलवाली, शेजारी मुकादमकाका. पुन्हा ओरडले, "अहो, वर घ्या ना!"

"काय वर घेऊ?" क्रेनच्या केबिनमधून आवाज आला. शांत, जरासा झोपाळू... "हुक वर हवा तर हॉइस्ट म्हणा. क्रेनचा हात वर हवा तर बूम अप. आणि अख्खी क्रेनच उंच करायची असेल तर त्याला क्लाइंब म्हणतात, पण त्याला दोन दिवस लागतात, बाई. आहे का तेवढा वेळ?"

मुकादमकाका गालातल्या गालात हसले. मला असा राग आला! इंग्रजी घेऊन पदवी मिळवलेली मी, आणि हा माणूस मला आभाळातून शब्द शिकवतोय. दातओठ खात म्हटलं, "हॉइस्ट."

"छान. आता म्हणत राहा."

आमच्या कामाचा नियमच तसा. केबिनमधून खालचा माल दिसत नाही, म्हणून माल हलतोय तोवर सिग्नलवाल्याने बोलत राहायचं — हॉइस्ट, हॉइस्ट, हॉइस्ट... आवाज थांबला की क्रेन थांबते. गप्प बसणं म्हणजे थांबा.

त्यामुळे दिवसभर मी त्याच्याशी बोलत असायचे. आठवडाभरात माझा राग कुठल्या कुठे गेला. महिनाभरात सकाळी हेल्मेटखालची वेणी मी दोनदा घालायला लागले. एवढ्या उंचावरून वेणी काय दिसणार, कप्पाळ!

मग कळलं, त्याला आमच्याच कंपनीच्या बंदरावरच्या मोठ्या क्रेनची नोकरी हवी होती. मुलाखत इंग्रजीत. मी म्हटलं, "मी शिकवते." जेवणाच्या सुट्टीत आमची शिकवणी वॉकीटॉकीवरच सुरू झाली. तो वर डबा खायचा, मी खाली.

"साहेबांनी विचारलं, क्रेन काय करते?"

"लोड राइज करते."

"लोड आपला आपण उठून निघाला का? राइज म्हणजे आपणहून वर येणं. सूर्य, धूर, उतू जाणारं दूध... तुम्ही करता ते रेज. त्याला कुणीतरी करणारं लागतं."

"आणि पगार?"

"मालकाने वाढवला तर रेज. आपणहून वाढलेला मी तरी पाहिला नाही."

तो खळखळून हसला. "बरं, असेंड?"

"तेही वर जाणंच, पण थाटामाटात. राजा गादीवर असेंड होतो. तुम्ही शिडीवर क्लाइंब करता."

"उद्या टाय बांधून येतो. बघू असेंड होता येतं का."

"आणि सोअर म्हणजे घारीसारखं. पंख न हलवता, उंच उंच तरंगत..."

"एक आहे आत्ता माझ्या खिडकीसमोर," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला दाखवता आली असती तर..."

मी मान वर करून पाहत राहिले. मला फक्त ऊन दिसलं.

पण हाच माणूस संध्याकाळी खाली उतरला की मुखदुर्बळ. फाटकाजवळच्या टपरीवर समोरासमोर चहा प्यायचा, कानापर्यंत लाल व्हायचा आणि कपाला म्हणायचा, "गरम आहे." बस्स.

मुलाखतीत तो पास झाला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वॉकीटॉकी खरखरली.

"बंदरावर राहायला जागा देतात. एकट्याला एक खोली, जोडप्याला दोन. फॉर्म भरायचाय." मग डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. "दोन मागू का? म्हणजे... तुम्ही याल माझ्याबरोबर?"

इतका आनंद झाला की शब्दच फुटेना. बटण दाबलेलं, ओठ उघडे आणि आवाज गायब! दहा सेकंद गेले असतील, मग बोट बटणावरून निसटलं.

"बरं," तो म्हणाला. "समजलं."

मला वाटलं, हे वॉकीटॉकीवर नको, संध्याकाळी टपरीवर समोरासमोर सांगेन. तो टपरीवर आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कामापुरतं तेवढं "ओके", बाकी चकार शब्द नाही. विचारून पस्तावला असेल, असं मी मनाला सांगितलं आणि फुगून बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुकादमकाका म्हणाले, "अगं, त्याने एकच खोली लिहिलीये फॉर्मवर. आज पाचपर्यंत द्यायचाय. मी विचारलं, तर म्हणतो, खालून थांबायचा सिग्नल आला."

"मी कधी दिला?"

"गप्प बसलीस ना? आठ वर्षं तो तेवढंच शिकलाय, पोरी."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पाचला वीस कमी असताना शिडीच्या तळाशी जाऊन उभी राहिले. तो उतरला. मला पाहून शेवटच्या पायरीवरच थबकला.

"अहो, तो नियम सळयांसाठी आहे!" मी ओरडले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "माणसांना आनंद झाला की बोलता येत नाही, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"मग... तुम्ही..."

"येणार आहे मी! आवडता तुम्ही मला. फार आवडता."

तो मटकन सिमेंटच्या पोत्यावर बसला.

"काय झालं?"

"चक्कर," तो कसाबसा म्हणाला. "वर कधी आली नाही..."

मी शेजारी बसले. त्याने खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. 'एक' खोडून 'दोन' मीच लिहिलं.

"पण माझ्या आईला तुम्हीच विचारायचं. समोर बसून."

"फोनवर नाही चालणार?"

"नाही."

पाचला सात मिनिटं होती. आम्ही धावत साइटवरच्या ऑफिसच्या खिडकीशी पोचलो. पाठोपाठ पगाराला आलेल्या मजुरांची ही रांग लागली. कारकुनाने खाडाखोडीवर बोट ठेवून चष्म्यावरून पाहिलं. "एकटे की जोडपं? नीट सांगा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने माझा हात धरला. कान लालबुंद झाले होते.

"जोडपं," तो म्हणाला. इतक्या मोठ्याने, की सगळी रांग वळून बघायला लागली.