‘पक्का’ म्हणालं कोण?

आधीच सांगते, यात मी तिखटमीठ लावलेलं नाही. लावायला आवडलं असतं. पण ही गोष्ट जिच्या बाबतीत घडली ती माझी मावशी या क्षणी समोर बसून ऐकतेय, आणि तिला खोटं खपत नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र हवी असते.

ही सकाळची आहे.

थंडी सरत आली होती. टेकडीवर दाट धुकं होतं. चार माणसं आपापल्या घोड्यांवर बसून डोंगरवाटेला निघाली होती.

परत तीनच आली.

पण आधी मामाबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. तो खोगिरं बनवायचा. कातड्यातून दाभण ढकलून ढकलून त्याच्या उजव्या तळहाताला, अंगठ्याच्या मुळाशी, एक मोठा घट्टा पडला होता. लहानपणी तो आमच्या गालावरून हात फिरवायचा तेव्हा तो घट्टा असा खरखरीत लागायचा की आम्ही किंचाळत पळायचो. तो हसत आमच्या मागे धावायचा.

त्याची एक घोडी होती. तांबडी. मामाने लग्न केलं नाही, ते हिच्यामुळेच, असं घरात सगळे त्याला चिडवायचे.

तांबडी राहायची कप्तानच्या पागेत. कप्तान काही खरा कप्तान नव्हता. लष्कराच्या दारातही कधी उभा राहिला नसेल. पण सुट्टीच्या दिवशी घोडेमालकांची टोळी डोंगरवाटेला निघायची तेव्हा सगळ्यात पुढे तो असायचा, आणि वाटभर सल्ले द्यायचा. खोगिराखालच्या घोंगडीला घडी पडू देऊ नका, घोड्याची पाठ सोलवटते. टाचेचेच बूट घाला, नाहीतर पाय रिकिबीच्या कडीतून आरपार जातो. उतारावर अंग मागे. सल्ले चांगले असायचे, तेवढं त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. तोंड मात्र मिटत नसे.

या टोळीचा एक नियम होता.

घोडा लबाड असतो. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, आवळायला घेतला की तो छाती फुगवून उभा राहतो. चार पावलं चालला की श्वास सोडतो, आणि तंग ढिला पडतो. म्हणून अर्ध्या वाटेवर, झऱ्याजवळ, सगळ्यांनी उतरायचं. आपला तंग आपण बघायचा नाही, दुसऱ्याने बघायचा. रांगेतल्या पहिल्याचा शेवटच्याने आणि शेवटच्याचा पहिल्याने. मधल्यांनी एकमेकांचा. बोटं घालून बघायचं, लागलं तर आवळायचं, घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारायची आणि म्हणायचं, “पक्का!”

‘पक्का’ ऐकल्याशिवाय कोणी वर चढायचं नाही.

मामा नेहमी शेवटी असायचा. त्याचा तंग कप्तान बघायचा.

आदल्या पावसाळ्याच्या शेवटी, झऱ्यानंतरच्या उताराच्या वळणावर, मामाचं खोगीर फिरलं. तो खाली पडला, पण पाय रिकिबीत अडकला. घाबरलेल्या तांबडीने त्याला ओढत खाली नेलं.

मावशीला फक्त चेहरा दाखवला. तोही अर्धा.

कप्तान सगळ्यांना सांगत सुटला, “तंग मी स्वतः तपासला होता. पक्का होता. घोडीच खुनशी आहे. आणि खोगीर कच्चं. स्वतःच्याच हाताने बनवलेलं ना!”

ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मामाच्या दुकानात अर्धवट शिवलेली खोगिरं होती, ती लोक परत घेऊन गेले. मेल्यावर माणूस बोलायला येत नाही, हे कप्तानला पक्कं ठाऊक होतं.

निदान त्याला तसं वाटत होतं.

मग त्याने दुसरा विषय काढला. माणूस मारणारं जनावर पागेत नको. तिला कायमची झोपवून टाका.

मावशी त्याच्या अंगावर धावून गेली. “माझ्या भावाच्या घोडीला हात लावून तर बघा!”

शेवटी पोस्टमनकाका मध्ये पडले. ते टोळीतले सगळ्यात जुने आणि सगळ्यात घुमे. ते म्हणाले, “ताईने तांबडीला त्याच वाटेने एकदा फिरवून आणावं. बिथरली तर तुमचं खरं. नाही बिथरली तर विषय संपला.”

कप्तान कबूल झाला. पण डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे टोळीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी, इंजेक्शन बरोबर घ्यावं, अशी त्याने अट घातली.

म्हणजे घोडी वाटेत कुठे बिथरलीच, तर तिथेच...

तर ती सकाळ.

मावशी पागेत पोचली तेव्हा कोणी आलेलं नव्हतं. तिने तांबडीला खरारा केला, घोंगडी टाकली, मामाने बनवलेलं शेवटचं खोगीर चढवलं. तंग बांधला. मग लगाम आणायला खुंटीकडे गेली.

वळून बघते तर...

तंग एक भोक जास्त आवळलेला होता.

तिला वाटलं, आपलंच चुकलं असेल. पण तांबडी एरवीसारखी फुगून उभी नव्हती. मान खाली घालून शांत उभी होती. तिचे दोन्ही कान एका बाजूला वळले होते.

त्या बाजूला कोणीच नव्हतं.

फक्त मेणाचा वास येत होता. मामा दोऱ्याला लावायचा त्या मेणाचा. मावशी म्हणते, मला भीती नाही वाटली. मला रडू आलं.

ते निघाले. पुढे कप्तान आपल्या उंच काळ्या घोड्यावर, मग डॉक्टरीणबाई, मग पोस्टमनकाका, शेवटी मावशी. धुकं इतकं होतं की मावशीला काकांच्या घोड्याची शेपटीच काय ती दिसत होती.

थोडं वर गेल्यावर पोस्टमनकाकांनी मागे वळून विचारलं, “ताई, तुझ्या मागे कोण आहे?”

“कोणी नाही. मीच शेवटची.”

काकांनी घोडा थांबवला. मावशीनेही थांबवला.

तेव्हा तिला ऐकू आलं.

टण्... टण्... टण्...

रिकामी रिकीब खोगिरावर आपटते तसा आवाज. मागून. धुक्यातून.

मग तोही थांबला.

काकांचा चेहरा उतरला होता. ते पुटपुटले, “चल पोरी. मागे बघू नकोस.”

झऱ्यावर सगळे उतरले. घोडे दगडी कुंडावर पाणी प्यायला लागले. तांबडी थोडी सरकून उभी राहिली, शेजारी दुसऱ्या घोड्याला जागा करून द्यावी तशी. ती जागा मोकळीच होती. तरी तिथल्या पाण्यात एकामागून एक वर्तुळं उठत होती...

आणि कोणीतरी घटाघटा पीत असल्याचा आवाज येत होता.

कप्तानचं लक्षच नव्हतं. तो डॉक्टरीणबाईंना लगामाबद्दल ऐकवत होता. “तोंडातली सळई जाड घ्या हो बाई, बारीक सळईने घोड्याचं तोंड फाटतं...”

बोलत बोलतच तो तांबडीजवळ आला. बोलत बोलतच त्याने तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली.

“पक्का!”

आणि वळला.

त्याने तंगाला हातही लावला नव्हता.

मावशीला आतापर्यंत जे कळत नव्हतं ते सगळं त्या एका थापेत कळलं. मामाच्या वेळीही हा असाच बोलत होता. असाच न बघता ‘पक्का’ म्हणाला होता. मग अंगाशी येऊ नये म्हणून घोडीला खुनशी ठरवलं, आणि मेलेल्या माणसाच्या कामाला नावं ठेवली.

“कप्तान, तुम्ही तंग बघितलाच नाही.”

“अगं ताई, इतकी वर्षं घोड्यांत काढली. मला लांबून कळतं.”

“त्या दिवशीही लांबूनच कळलं होतं?”

पोस्टमनकाका जमिनीकडे बघत म्हणाले, “हो. लांबूनच. मी बघत होतो.” “तेव्हा बोलायला हवं होतं मी.”

डॉक्टरीणबाईंनी कप्तानकडे बघितलं. तो लालबुंद झाला. “आता उगाच जुनं उकरू नका! गेलेला माणूस परत येणार आहे का?”

तेवढ्यात तांबडीने मान वर केली.

आणि हळूच फुरफुरली... मामाला बघून फुरफुरायची तशी.

कप्तान घाईघाईने म्हणाला, “चला, उशीर होतोय. ताई, माझा तंग बघ.”

मावशीच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, ते तिने कधीच लपवलं नाही. ती म्हणते, मला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता. पण नियम तो नियम. मामा नियमाचा पक्का होता, आणि ती त्याचीच बहीण होती.

ती काळ्याजवळ गेली. उजवा हात तंगाखाली घातला. थोडा ढिला होता. तिने तो आवळला. बक्कल लावलं. पुन्हा बोटं घालून बघितलं. व्यवस्थित बसला होता. यावर ती आजही शपथ घ्यायला तयार आहे.

ती हात काढणार, इतक्यात...

तिच्या हातावर दुसरा हात आला.

थंडगार. जड.

तिला दिसत काहीच नव्हतं. फक्त आपला हात, आणि काळ्याच्या पोटावरचे केस. पण त्या हाताने तिचा हात मायेने धरला, लिहायला शिकवताना धरतात तसा, आणि पुन्हा बकलावर नेला.

तिच्या मनगटावर काहीतरी खरखरीत घासलं.

अंगठ्याच्या मुळाशी असतो तसा घट्टा.

पुढचं तिला नीट आठवत नाही. बोटं हलली एवढं आठवतं. आपण ती थांबवली नाहीत, एवढंही आठवतं.

मग काळ्याच्या पुठ्ठ्यावर थाप पडली.

“पक्का.”

हे मावशी म्हणाली नव्हती. आवाज पुरुषाचा होता.

डॉक्टरीणबाई दचकून इकडेतिकडे बघायला लागल्या. पोस्टमनकाकांनी डोळे मिटून घेतले. कप्तानच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तो आवाज ओळखला होता. त्याच क्षणी खाली वाकून त्याने स्वतः तंग बघितला असता, तर तो आज जिवंत असता. पण घाबरलेलं दिसायला नको, म्हणून तो टांग टाकून वर चढला आणि काळ्याला टाच मारली.

उताराच्या वळणावर खोगीर फिरलं.

कप्तान खाली पडला. पाय रिकिबीत अडकला. काळा उधळला आणि धुक्यात दिसेनासा झाला. आधी ओरडणं ऐकू येत होतं. मग नुसत्या टापा.

आणि टापांच्या बरोबरीने... दुसऱ्या टापा.

काळ्याच्या मागे आणखी एक घोडा चौखूर चालला होता.

तांबडी जागची हलली नाही. कान ताठ करून त्या दिशेला बघत उभी राहिली. मग एकेक पाऊल जपून टाकत तिने मावशीला उतारावरून खाली आणलं.

कप्तान खाली ओढ्याच्या काठी सापडला. शेजारी काळा घामाने भिजून थरथरत उभा होता. कप्तानच्या पायात टाचेचेच बूट होते. तरी पाय रिकिबीतून घोट्यापर्यंत आरपार गेला होता. तो कसा गेला असेल, हे डॉक्टरीणबाईंना अजून कळलेलं नाही. पाय काढायला रिकीब कापावी लागली.

तंग तुटला नव्हता. फाटला नव्हता.

बक्कल सुटलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं. पोस्टमनकाकांनीही बघितलं. मग त्यांनी मावशीकडे बघितलं. कोणी तिला काही विचारलं नाही. मामाच्या वेळी कप्तानलाही कोणी काही विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतलं इंजेक्शन काढून ओढ्यात ओतलं. “घोडी शहाणी आहे,” एवढंच त्या म्हणाल्या.

तांबडी आता म्हातारी झालीय. आमच्याच अंगणात असते. मामाचं खोगीर अजून शाबूत आहे, एक टाकाही उसवलेला नाही, आणि आता लोक तसं खोगीर कुठे मिळेल म्हणून विचारत येतात.

मी मावशीला एकदा विचारलं होतं, “तुला वाईट नाही वाटलं?”

“नाही,” ती लगेच म्हणाली. मग म्हणाली, “त्याचीच भीती वाटते.”

तिने माझ्यापुढे उजवा हात धरला. मावशीने आयुष्यात दाभण हातात घेतलेलं नाही. शिवण तर तिला बटण लावण्यापुरतीही येत नाही.

अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता. मी त्यावर बोट फिरवलं आणि मला मामा आठवला.

आता मीही डोंगरवाटेला जाते. झऱ्यावर थांबले की माझा तंग मावशी बघते. सावकाश, नीट, दोनदा बघते.

पण डाव्या हाताने.

उजवा हात तिने पाठीमागे घट्ट धरून ठेवलेला असतो... आणि तो अधूनमधून ओढ घेतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.