आत्याच्या नोंदीला संदर्भ हवा

जुन्या वर्तमानपत्रांच्या त्या जाडजूड खंडाला आम्ही दोघांनी एकदमच हात घातला. मी डावीकडून, तो उजवीकडून.

"मी आधी मागितला होता," मी म्हणाले.

"मी आधी पाहिला होता," तो म्हणाला.

ग्रंथालयाच्या तळघरातल्या बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "दोघांत एक वाचा. भांडायचं असेल तर वर बाग आहे."

मग काय, बसलो एका टेबलाशी. भिंतीत उंचावर एक खिडकी होती. तिच्यातून उतरलेला उन्हाचा पट्टा पानांवर पडला होता आणि त्यात धूळ अशी संथ तरंगत होती, जणू तिलाही कुठे जायची घाई नव्हती. त्याच्या बाहीला सरस आणि लाकडाचा वास येत होता.

"तुम्ही काय शोधताय?" त्यानं विचारलं.

"एका कार्यक्रमाची बातमी. एक बाई होत्या, अकॉर्डियन वाजवायच्या..."

तो हसायलाच लागला. "होत्या नाही, आहेत! माझी आत्या ती. म्हणजे... ती नोंद तुम्ही लिहिलीत?"

हो, मीच. दिवसभर मी एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. फावल्या वेळात एका ऑनलाइन विश्वकोशावर विस्मरणात गेलेल्या वादकांच्या नोंदी लिहिते. हौस म्हणून. एकदा रेडिओवर एक जुनं ध्वनिमुद्रण लागलं होतं, ते ऐकता ऐकता माझ्या हातातला चहा गार झाला... वाजवणारीचं नाव शोधून मी नोंद लिहिली. पण त्या विश्वकोशावर प्रत्येक गोष्टीला छापील पुरावा लागतो. कुण्या कडक संपादकानं नोंदीच्या डोक्यावर पाटी लावली – 'विश्वसनीय संदर्भ नाहीत. मुदतीत न मिळाल्यास नोंद काढण्यात येईल.'

"आणि आत्यानं तोवर ती नोंद अख्ख्या इमारतीला दाखवली होती," तो म्हणाला. "पाटी दिसल्यावर मला म्हणाली, जा, पुरावा आण. मी आहे की नाही ते कळू दे त्यांना."

तो वाद्यं दुरुस्त करायचा. बोटं लांब होती, नखांच्या कडांना सरस वाळलेला.

"पुरावा कशाला हवा पण? मी सांगतो ना. तिच्या पहिल्या कार्यक्रमात अख्खं सभागृह उभं राहिलं होतं. बाबा नेहमी सांगायचे."

"बाबा चालत नाहीत. भाऊ ना त्यांचे? आपला तो बाब्या होतो त्यात."

"बरं, आत्या स्वतः?"

"स्वतःबद्दल स्वतःच? मुळीच नाही."

"कार्यक्रमाचं छापील पत्रक आहे घरात."

"छापलं कुणी?"

"...आम्हीच."

"मग नाही."

"आणि मी?"

"तुम्ही तर अजिबातच नाही."

त्यानं छातीवर हात ठेवला. "मी विश्वसनीय नाही असं तोंडावर कुणी पहिल्यांदाच सांगितलं हो!"

"माझा नाही, विश्वकोशाचा नियम आहे."

"आणि तुमच्याबद्दल मी काही सांगितलं तर? आपलं तर काही नातं नाही."

"तरी ते कुठेतरी छापून यावं लागतं."

"अस्सं..." त्यानं पान उलटलं आणि आवाज खाली आणला. "मग तूर्तास न छापलेलंच राहू दे."

मी खाली मान घालून एक जाहिरात वाचत बसले. साबणाची होती. काय लिहिलं होतं देव जाणे.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही तळघरात भेटू लागलो. तो मला 'विश्वकोशबाई' म्हणायचा, मी त्याला 'अविश्वसनीय'. कार्यक्रमाचं साल घरात कुणालाच नक्की आठवत नव्हतं, म्हणून एकामागून एक खंड चाळायचे. पानांचे कोपरे बोटांत चुरायचे. कधी दोघांची बोटं एकाच बातमीवर थांबायची आणि मग ती बातमी जरा जास्तच वेळ वाचली जायची...

आणि एका शनिवारी ती सापडली.

"आलं!" तो जवळजवळ ओरडला. मग वाचू लागला आणि त्याचा आवाज ओळीगणिक विझत गेला.

'मध्यंतरापूर्वी वादिका अचानक थांबल्या व वाद्य खाली ठेवून आत गेल्या. बहुतेक श्रोते उठून गेले. बऱ्याच वेळाने त्या परतल्या. उरलेल्या मोजक्या श्रोत्यांसाठी त्यांनी जे वाजवले, ते घरी गेलेल्यांनी गमावले.'

त्यानं तळहातानं ती बातमी झाकली.

"हे घेऊ नका," तो म्हणाला.

"अहो, पण हाच तर संदर्भ..."

"मग शेवटचं वाक्य तेवढं घ्या."

"अर्धा संदर्भ घेता येत नाही. उरलेलं लपवलं तर ते खोटंच झालं."

"जन्मभर ती त्या टाळ्यांवर जगली असेल, विश्वकोशबाई. आता म्हातारपणी मोबाइलवर हे वाचू दे तिला?" त्यानं खुर्ची मागे सारली. "तुम्हाला नोंद महत्त्वाची. मला आत्या."

तो गेला. मला ते वाक्य फार लागलं. जणू आत्या माझी कुणीच नव्हती! तिचं वादन ऐकून चहा गार झाला होता तो काय उगाच?

संदर्भ हातात होता, पण लिहायला हात धजेना. अर्धं लिहावं तर मन खाई, पूर्ण लिहावं तर तो उतरलेला चेहरा आठवे. नोंद काढायची मुदत जवळ येत होती. पुढच्या शनिवारी तळघरात उन्हाचा पट्टा रिकाम्या खुर्चीवर पडला होता. मी अर्ध्या तासातच उठले.

मग एक दिवस दवाखान्यात एक बाई आल्या. लहानखुऱ्या, आखूड रुपेरी केस, पायांत लालभडक बूट. मी कान तपासले. वयाच्या मानानं फारच तल्लख!

"ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात कुणी बोलत नाही तेही मला ऐकू येतं. भाचा आठवडाभर तोंडाला कुलूप लावून बसलाय. तळघरात काय सापडलं तुम्हाला?"

म्हणजे याच त्या आत्या! त्यांना हे कळू नये असंच त्याला वाटत होतं. पण त्यांच्यापुढे लपवणं कसं शक्य होतं? जसंच्या तसं सांगितलं.

आणि आत्या खो खो हसत सुटल्या.

"सभागृह उभं राहिलं होतं हे खरंच आहे, मुली. निघून जायला! माझा भाऊ कधी खोटं नाही बोलला. फक्त पुढचं वाक्य गाळायचा."

"पण तुम्ही थांबलात का?"

"हात थरथरायला लागले. आत जाऊन रडले, तोंड धुतलं. म्हटलं, कुणी उरलं असेल तर त्याच्यासाठी वाजवू. ती दहा-पंधरा डोकी... त्यांच्यासाठीच मी पुढे आयुष्यभर वाजवत राहिले." त्या जरा थांबल्या. "त्यांतला एक हे लिहिणारा होता तर! मला आज कळतंय." डोळे टिपून त्यांनी माझा हात दाबला. "लिही. थांबले तेही लिही. खोट्या कौतुकानं कान किटलेत माझे. तुझ्या मशीनला ते दिसलं नाही का?"

मी लिहिलं. कडक संपादकाला आणखी एक संदर्भ हवा होता, म्हणून शनिवारी पुन्हा तळघर गाठलं. पाहते तर, संगीत मासिकांच्या ढिगाऱ्याआड तो. भुवयांवरसुद्धा धूळ.

"आत्यानं चांगली कानउघाडणी केली," तो उठून उभा राहत म्हणाला. "रोज दुपारी येतोय इथं. हे बघा, तिच्यावर अख्खं पान आहे. आणि इथं लिहिलंय की ती लयीत घाई करते. तेही घ्या, गाळू नका." मग अगदी हळू, "माझं चुकलं. तुम्हाला असं बोलायला नको होतं."

मी रुमाल काढून त्याच्या भुवयांवरची धूळ पुसली. तळघरातल्या बाई तेवढ्यात दुसरीकडे पाहू लागल्या.

नोंद राहिली. पाटी निघाली. खरं तर आता शनिवार संपायला हवे होते... पण त्यानं एक ट्रम्पेटवाला शोधून आणला, बिचाऱ्याला एकही संदर्भ नव्हता! मग वरच्या बागेत चहा. मग त्याची कार्यशाळा. तिथं खिळ्यांना उघडी अकॉर्डियनं टांगलेली. त्यानं एक माझ्या मांडीवर ठेवलं, माझ्या हातावर हात ठेवून भाता हळूच उघडला. "सावकाश," तो कानाशी म्हणाला, "ते श्वास घेतंय." वाद्य घेत असेल. माझा मात्र थांबला होता.

तरी दोघंही 'अहो'वरच अडलेलो. कुणी पुढे सरकेना.

अखेर एका सोमवारी मी आत्यांच्या नोंदीच्या चर्चापानावर, म्हणजे संपादक जिथं आपापसांत बोलतात तिथं, दोन ओळी लिहिल्या. तिथं प्रामाणिकपणे सगळं सांगायची पद्धत असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धापा टाकत दवाखान्यात हजर.

"तुम्ही आत्याची नोंद सोडलीत? 'यापुढे मी ही नोंद संपादित करणार नाही'? माझ्यावर रागावलात का? काय झालं?"

"पुढची ओळ वाचली?"

"नाही... पहिली वाचली आणि पळत सुटलो."

"मग वाचा."

त्यानं मोबाइल काढला. ओठ हलू लागले. 'नोंदीच्या विषयाच्या कुटुंबातील एका व्यक्तीशी माझा जिव्हाळ्याचा संबंध जुळला असल्याने मी आता तटस्थ नाही.'

कानांच्या पाळ्यांपासून तो लाल होत गेला.

"हे... मला न सांगता सगळ्या जगाला सांगितलंत?"

"जगाला नाव नाही सांगितलं."

"मग मला सांगा ना."

बाहेर पेशंट होते, रिसेप्शनवरची मैत्रीण मान लांब करून बघत होती. मी त्याला तपासणीच्या आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "ऐकू आलं की दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो. कितीही बारीक आवाज असला तरी."

दार लावून मी काचेच्या अलीकडे बसले. माइक सुरू केला. आवाज अगदी कमी केला, माणसाला ऐकू येईल न येईल इतका. काचेपलीकडे तो डोळे मिटून बसला होता, श्वास रोखून.

"तू," मी म्हणाले. "तूच आहेस तो."

माझ्या समोरचा दिवा लागला. मी वाट पाहिली... तो विझेचना. डोळे मिटलेलेच, ओठांवर हसू, आणि अंगठा बटणावरून काढायचं नाव नाही.