रोज एक चूक

फोन सव्वाबाराला आला. बोलणाऱ्याला धाप लागली होती.

"दप्तरखान्यातून बोलतोय. तळघरात आमचा एक माणूस दगावलाय. लवकर या. आणि जिनं गॅस सोडला ती बाई इथेच आहे. टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढतेय."

निरीक्षक बाई वीस मिनिटांत पोचल्या. त्यांची नोकरी बावीस वर्षांची, आणि त्यात त्यांनी एका गोष्टीचा अभिमान बाळगला होता. माणूस समोर बसला की पाच मिनिटांत त्याचा चेहरा वाचायचा. हाताखालचे लोक म्हणत, मॅडमना पुरावा नंतर लागतो. बाई हे कौतुक समजत. तूर्त आपणही तसंच समजू.

तळघराच्या टोकाला लोखंडी दाराची एक खोली होती. जुन्या कागदांना कीड लागली की ते या खोलीत ठेवायचे, दार बंद करायचं आणि आत नायट्रोजन सोडायचा. हवेतला प्राणवायू संपतो, कीड मरते, कागदाला धक्का लागत नाही. माणूस आत राहिला तर मात्र बघता बघता कोसळतो.

म्हणून दाराबाहेर भिंतीत सहा खिळे होते. आत जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला मिळेल त्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर काढायचा. बिल्ल्याच्या एका बाजूला क्रमांक, दुसरी बाजू कोरी. बिल्ला टांगलेला असेल तर गॅस सोडायचा नाही, एवढा साधा नियम.

आणि एका खिळ्याला बिल्ला टांगलेला होता. क्रमांक तीन, नकाशेकाकांचा.

नकाशेकाका म्हणजे जुन्या नकाशांचा विभाग सांभाळणारे साठीचे गृहस्थ. ते आता जमिनीवर चादरीखाली होते. डोक्याला मागच्या बाजूला टेंगूळ होतं. डॉक्टर म्हणाले, पडताना मांडणीचा कोपरा लागला असेल. मृत्यू गुदमरून झाला, साधारण दीड तासापूर्वी.

गॅस सोडणारी बाई चाळिशीची होती. कागदांची नोंद आणि गॅसची खोली तिच्याकडे. ऑफिसात तिला फूटपट्टी म्हणत, तोंडावरसुद्धा.

"गॅस कुणी सोडला?"

"मी. अकरा वाजता. मंगळवारी अकरालाच सोडतात."

"बिल्ला दिसला नाही?"

"बिल्ला नव्हता."

"हा काय समोर आहे!"

"आता आहे. अकराला नव्हता. मी दारात उभं राहून तीनदा हाक मारली. कुणी ओ दिली नाही."

"तुम्ही हा बिल्ला काढलात?"

"नाही."

"परत लावलात?"

"नाही."

हे सगळं ती निरीक्षक बाईंच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीला सांगत होती. डोळ्याला डोळा नाही. आवाजात चढउतार नाही. मध्येच ती हसली, तेही चादरीकडे बघून. बाईंनी वहीत लिहिलं, 'पश्चात्तापाचा मागमूस नाही.'

मग त्यांनी बांधणीवाल्या बाईंना बोलावलं. फाटक्या ग्रंथांची बांधणी करणाऱ्या या बाईंची खोली तळघरातच होती. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"मॅडम, बाराला दादांची आरोळी ऐकली, 'काका आत आहेत!' मी धावत आले. म्हटलं, कशावरून? तर म्हणाले, बिल्ला बघा ना, तीन नंबर! मला तर कुणाचा ते कळेना, नुसतं पितळ चमकत होतं. पण दादा म्हणाले तीन, म्हणजे तीन."

"मग?"

"मग ही आली. गॅस बंद केला, पंखे लावले, आणि दाराची किल्ली मुठीत धरून म्हणते, दहा मिनिटं थांबा! माणूस आत तडफडतोय आणि ही घड्याळ बघतेय. वर तिथं उभी राहून त्या बिल्ल्याशी चाळा करत होती. मी डोळ्यांनी पाहिलं."

"दोघांचं पटत नव्हतं?"

"रोज भांडण. काका सकाळी नकाशांच्या यादीची चिठ्ठी पाठवायचे. ही त्यात चूक काढून, लाल गोल करून, त्यांच्या टेबलावर नेऊन टाकायची. रोज! दोन वर्षं. तोंडातून शब्द नाही. त्यांच्या जागी मी असते तर वेडी झाले असते."

दादा म्हणजे दप्तरखान्याचे उपसंचालक. सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा माणूस, म्हणून दादा. ते निरीक्षक बाईंच्या डोळ्यांत बघून बोलले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"साडेदहापासून मी वर बैठकीत होतो. बैठक संपल्यावर खाली आलो, तर बिल्ला दिसला. तीन आकडा वाचला आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पण मॅडम, एक विनंती आहे. तिला गुन्हेगार समजू नका. तिचं डोकं आपल्यासारखं चालत नाही. तिला तुरुंग नको, एखाद्या बंद संस्थेत ठेवा. तिथे सांभाळतील तिला."

किती चांगला माणूस, असं निरीक्षक बाईंच्या मनात आलं.

संध्याकाळी ठशांचा अहवाल आला. बिल्ल्यावर ठसे एकाच व्यक्तीचे होते, फूटपट्टीचे. दुसऱ्या कुणाचेच नव्हते. प्रकरण पाण्यासारखं स्वच्छ झालं. शुक्रवारी मनोविकारतज्ज्ञांची समिती बसणार आणि तिथून तिची रवानगी होणार.

गुरुवारी सकाळी तिची थोरली बहीण चौकीत आली. शाळेत गणित शिकवणारी, सरळ बोलणारी बाई.

"मॅडम, धाकटी स्वमग्न आहे. तुमच्या कागदावर तसं लिहिलंयच. पण तुम्ही तिला विचारलंत काय?"

"सगळं विचारलंय."

"बिल्ला काढलास का, लावलास का. दोन्हीला ती नाही म्हणाली. बरोबर? मग तुम्ही म्हणालात, खोटं बोलते. तिच्या हातांनी त्या बिल्ल्याचं तिसरंच काही केलं असेल, तर ते ती आपणहून कसं सांगेल? तिला वाटतं, तिला जे दिसलं ते सगळ्यांना दिसलंच असणार. तुम्हाला वाटतं, तुमचं जे विचारायचं राहून गेलं ते तिनं ओळखायला हवं. दोघीही आपापल्या जागी शहाण्या, आणि उद्या माझी बहीण कायमची आत जाणार."

"ती हसली, मृतदेहासमोर."

"भीती वाटली की ती हसते. लहानपणापासून. आई गेली तेव्हा दिवसभर हसत होती. बंद संस्थेत दिवे चोवीस तास जळतात, दारं आपटतात. ती जगायची नाही हो तिथे."

निरीक्षक बाईंना राग आला. पण गणिताच्या बाईंनी उत्तर तपासायला लावलं होतं, आणि तपासल्याशिवाय चैन पडेना. त्यांनी फूटपट्टीला बोलावलं. या वेळी त्यांनी आपली खुर्ची तिच्या समोरून उचलली आणि बाजूला ठेवली. दोघी एकाच भिंतीकडे बघत बसल्या.

"मंगळवारी बारापासून तुमच्या हातांनी काय काय केलं, ते क्रमानं सांगा. काहीही गाळू नका."

"गॅसची चावी बंद केली. पंख्याचं बटण दाबलं. किल्ली उजव्या हातात धरली. दहा मिनिटं पंखे चालल्याशिवाय आत गेलं तर जाणाराही मरतो. म्हणून किल्ली दिली नाही. सातव्या मिनिटाला डाव्या हातानं बिल्ला सुलटा केला. दहाव्या मिनिटाला..."

"थांबा. सुलटा म्हणजे?"

"तो उलटा टांगलेला होता. आकडा भिंतीकडे, कोरी बाजू बाहेर. आकडा बाहेर हवा."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही. आणि तो सगळ्यांना दिसतच होता."

निरीक्षक बाईंनी बांधणीवाल्या बाईंचा जबाब उघडला. 'नुसतं पितळ चमकत होतं.' मग ठशांचा अहवाल. रोज ज्या बिल्ल्याला काकांचा हात लागायचा, त्यावर काकांचा एकही ठसा नाही? त्यांना स्वतःच्या बावीस वर्षांची लाज वाटली.

"काका आणि तुम्ही रोज भांडायचात?"

"नाही. खेळायचो. त्यांच्या चिठ्ठीत रोज एक चूक असायची. मी शोधायची आणि परत न्यायची."

"मुद्दाम करायचे? तसं सांगितलं होतं त्यांनी?"

"नाही. पण रोज एकच असायची. चुकणारा माणूस एखाद्या दिवशी चुकत नाही, एखाद्या दिवशी तीनदा चुकतो. रोज बरोबर एक चूक कुणी चुकून करत नाही. त्यांना चांगलं जमायचं. अवघड करायचे."

"नकाशांमध्ये खरीखुरी चूक कधी सापडली?"

"एकदा. बंदराच्या जुन्या नकाशाला कोपऱ्यात किडीची चौदा छिद्रं होती. नंतर तेरा झाली. छिद्रं कमी होत नाहीत. म्हणजे नकाशा दुसरा होता. मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, बघतो."

"परत विचारलं नाहीत?"

"सांगून झालं होतं. सोमवारी काकांनी विचारलं, तेव्हा त्यांनाही सांगितलं."

सोमवारी काकांना कळलं, आणि मंगळवारी काका गेले. निरीक्षक बाई उठल्या आणि बंदराचा नकाशा तपासणीला पाठवला.

शुक्रवारी सकाळी, समितीच्या आधी तासभर, त्यांनी सगळ्यांना तळघरात बोलावलं. फूटपट्टी बहिणीशेजारी उभी होती.

"त्या दिवशी आलात तसंच या," त्या म्हणाल्या. बांधणीवाल्या बाई आणि दादा बोळातून चालत आले. खिळ्याला एक बिल्ला होता.

"बाई, कुणाचा बिल्ला आहे?"

बांधणीवाल्या बाईंनी डोळे बारीक केले. "कळत नाही. आकडाच दिसत नाहीये."

"मंगळवारी असंच दिसलं होतं?"

"हो! अगदी असंच. नुसतं पितळ." बोलता बोलता त्यांनी तोंडावर हात नेला.

"दादा, तुम्ही सांगा. कुणाचा?"

दादा हसले. नेहमीचं, आश्वासक हसू. "उलटा लावलाय तुम्ही. कसं सांगणार?"

"मंगळवारीही उलटाच होता. तरी तुम्ही आकडा वाचलात आणि काकांचं नाव घेऊन ओरडलात. तुमच्या जबाबावर तुमची सही आहे."

"हा उलटा होता असं कोण म्हणतं? ही?" त्यांनी फूटपट्टीकडे बोट केलं. "हिच्या शब्दावर तुम्ही मला..."

"यांच्या शब्दावर नाही. बांधणीवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माझेच कान बंद होते. आणि तुमच्या शब्दावर."

निरीक्षक बाई सांगू लागल्या.

"तुम्ही बंदराचा अस्सल नकाशा विकलात आणि जागी नक्कल ठेवली. काल तपासलाय, कागद पाच वर्षांचाही नाही. नक्कल करणारा एक छिद्र विसरला. ते एकाच माणसाला दिसलं, आणि तिनं ते तुम्हालाच सांगितलं. तुम्ही 'बघतो' म्हणालात, ती निवांत झाली. पण सोमवारी काकांना कळलं. मंगळवारी सव्वादहाला तुम्ही काहीतरी दाखवायचं म्हणून त्यांना या खोलीत आणलंत, डोक्यात मारलंत, मागच्या मांडणीआड ठेवलंत, आणि बिल्ला खिशात घालून बैठकीला जाऊन बसलात. अकराला ही येणार, खिळे बघणार, हाका मारणार आणि गॅस सोडणार, हे तुम्हाला घड्याळाइतकं पक्कं माहीत होतं."

"मग बिल्ला परत कशाला लावेन मी? काका लावायला विसरले, असं झालं असतं."

"झालं असतं. पण छिद्रं मोजणारी मागे राहिली असती. म्हणून काकांना मारलंत आणि बिल्ला परत लावून हिला वेडी ठरवलंत. बैठक संपल्यावर खाली येऊन बिल्ला पुसलात, रुमालानं धरून घाईत अडकवलात. कोणती बाजू बाहेर आली, ते पाहिलं नाहीत. नंतर तो सुलटा दिसला, तेव्हा आपण तसाच लावला असं तुम्हाला वाटलं. हिनं सुलटा केला नसता, तर कदाचित तुमचं तुम्हालाच कळलं असतं."

दादांनी बांधणीवाल्या बाईंकडे पाहिलं. डोळे पुन्हा भरून आले होते, अगदी मंगळवारसारखे. या वेळी त्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. हवालदार दादांना घेऊन वर गेले.

बांधणीवाल्या बाई फूटपट्टीजवळ गेल्या. "दहा मिनिटं थांबवलंस, म्हणून मी शिव्या घातल्या तुला. नाहीतर आम्हीपण..." फूटपट्टीनं मान हलवली. दहा मिनिटांचा नियम होता, त्यात आभार कसले, ते तिला कळलं नाही.

मग ती निरीक्षक बाईंकडे वळली, म्हणजे त्यांच्या खांद्यामागच्या भिंतीकडे.

"काका मांडणीमागे जिवंत होते. गॅस मी सोडला. म्हणजे त्यांना मी मारलं?"

बहिणीनं घाईघाईनं "नाही गं" म्हटलं. कुणाचं सांत्वन करायचं तर चेहरा कसा करायचा, हे निरीक्षक बाईंना पाठ होतं. इथे त्याचा उपयोग नव्हता.

"गॅस तुम्ही सोडलात," त्या म्हणाल्या. "मारलं दादांनी."

"दोन्ही वाक्यं बरोबर आहेत," ती म्हणाली, आणि हसली. हे हसू कसलं, ते आता निरीक्षक बाईंना माहीत होतं. त्यांनी मान खाली घातली.

पुराव्याच्या पाकिटात मंगळवारची चिठ्ठी होती. काकांनी सकाळी लिहून पाठवलेली, गॅसच्या गडबडीत तपासायची राहिलेली. बाईंनी ती बाहेर काढली. नियमात बसत नव्हतं, तरी काढली.

फूटपट्टीनं चिठ्ठी वाचली. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वाचताना तिची लाल पेन्सिल एका तारखेवर थांबली आणि तिनं नीट गोल केला.

"अवघड होती," ती म्हणाली.

मग ती जिना चढून काकांच्या टेबलाकडे गेली. टेबल बुधवारीच कुणीतरी रिकामं केलं होतं. चिठ्ठ्या ठेवायचा ट्रेही नव्हता. ती चिठ्ठी हातात धरून तशीच उभी राहिली, आणि ती कुठे ठेवायची ते तिला कुणीही सांगू शकलं नाही.