छडी पुसलेलं चित्र

दुपारचे साडेतीन. नोव्हेंबर महिना. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटमागच्या गल्लीतला, पुस्तकांच्या छपाईसाठी लाकडावर चित्रं कोरायचा कारखाना. बाहेर पिवळट धुकं इतकं दाटलं होतं, की दिवसाच दिवे लावावे लागले होते.

प्रकाशकांचा माणूस थ्रिंग हातमोजेही न काढता डॉर्कस पेलच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तिनं गेल्या आठवड्यात पुरा केलेला लाकडी ठोकळा त्यानं बोटानं ढकलला. नव्या कादंबरीतलं चित्र होतं ते. छडी उगारलेला मास्तर आणि बाकावर मान खाली घालून, अंग चोरून बसलेली पोरं.

"छडी काढून टाका," थ्रिंग म्हणाला. "नमुन्याचा ठसा पाहून यॉर्कशरच्या एका हेडमास्तरांना यात स्वतःचाच चेहरा दिसलाय. कोर्टात खेचीन म्हणतात."

"ओळखला ना त्यांनी? म्हणजे बरोबर उतरलाय," डॉर्कस म्हणाली. "आणि छडी काढली, तर पोरं कशाला भ्यालीत म्हणून सांगायचं? गणिताला?"

त्याच हेडमास्तरांच्या शाळेतून तिचा धाकटा भाऊ एमस शवपेटीतून घरी आला होता. थंडी बाधली, असं शाळेनं कळवलं. पाठीवरचे वळ थंडीनं उठत नसतात.

"पोरी, हट्ट सोड," कारखान्याचे मालक सॉवर्बी पुटपुटले. "नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"कोरणी तुमची आहे मालक, हात माझा आहे. नाही करणार."

मग मालकांनी स्वतःच छडीची जागा पोखरली, तिथं नव्या लाकडाची खुंटी ठोकली आणि तिच्यावर भिंतीवरचा नकाशा कोरला. ठोकळ्याला शाई लावली, वर पातळ कागद ठेवून घासला आणि उचलला.

छडी गेली होती. बाकाच्या टोकाचा मुलगाही गेला होता. त्याच्या जागी नुसती काळी आकृती. ठोकळा पाहिला, तर तिथलं लाकूड गुळगुळीत, म्हणून सपाट काळं उमटलेलं. जणू कोरणी त्याला कधी लागलीच नव्हती.

"शाई जास्त झाली..." थ्रिंग म्हणाला. "पुन्हा ठसा काढा."

पुन्हा काढला. आता शेजारचा मुलगाही काळा. खोलीत ओल्या लोकरीचा आणि खडूचा वास पसरला. कुणाचा तरी दाबलेला हुंदका येत होता... टेबलाखालून... अगदी जवळून.

"ऐकलंत?" मालक कुजबुजले.

"पोरं गेली तर जाऊ देत," थ्रिंग मागे सरकत म्हणाला. "छडी तेवढी नको..."

डॉर्कसनं ठोकळा हिसकावला.

"एकदा जाऊ दिलीत तुम्ही सगळ्यांनी. आता नाही."

तिनं नकाशा पोखरून काढला, नवी खुंटी बसवली आणि छडी पुन्हा कोरली, पहिल्यापेक्षा जाड. हुंदका थांबला. तिनं कागद घासून उचलला.

पोरं परतली होती. पण बाकावर कुणीच बसलेलं नव्हतं. सगळी उभी होती, माना ताठ, डोळे थेट मास्तरावर. थ्रिंग टोपी विसरून जिना उतरला.

कादंबरी त्याच चित्रासह निघाली. हेडमास्तर कोर्टात गेले नाहीत.

या धंद्यात रेघ पाहून कोरणारा ओळखतात. सॉवर्बींनी गल्लीतल्या झाडून सगळ्या कारागिरांना तो ठोकळा दाखवला. त्या ताठ मानांच्या रेघा डॉर्कसच्या नव्हत्या; खोल, वेड्यावाकड्या होत्या, नखानं ओरबाडल्यासारख्या. त्या कुणाच्या, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.