बावा मास्टरांची नवी चाल

यातलं अक्षरही मी रचलेलं नाही. शंका असेल त्याने कोळिकोडला आमच्या घरी यावं. माझी धाकटी बहीण प्रसीता ओसरीवरच बसलेली दिसेल.

गेल्या मीनम महिन्यातला, ऐन मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यातला रविवार. वलियंगाडीच्या बाजारात, सुक्या मिरचीच्या गोदामावर आमचा संगीत क्लब आहे. त्या संध्याकाळी बावा मास्टरांची पुण्यतिथी होती. सिनेमाला चाली देणारे खूप झाले, पण आमच्या गावाला मास्टर एकच. रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्या दिवशी आमचा जिना चढतात.

मी तबल्यावर होतो. प्रसीता पहिल्यांदाच गाणार होती.

क्लबचे अध्यक्ष अळवीइक्का सकाळी मास्टरांच्या बायकोला, आमिनुम्माला, बोलवायला गेले होते. ती दारातूनच म्हणाली, "त्यांची गाणी गाऊ नका. त्यांना आवडत नाही."

"आवडायचं नाही, असं ना उम्मा?"

"मला जे म्हणायचं तेच म्हटलं." आणि दार लावून घेतलं.

"म्हातारीला भ्रम झालाय," इक्का आम्हाला हसत सांगत होते.

"एट्टा, घसा सुकलाय रे," प्रसीता कुजबुजली. आमच्याकडे एट्टा म्हणजे दादा.

"पाणी पी. आणि पहिल्या रांगेकडे बघूच नकोस."

पहिल्या रांगेतून म्हातारा कुट्ट्याली ओरडलाच, "पोरी, मास्टरांनी भल्याभल्यांना स्टुडिओतून हाकललंय! तुझं काय होतं बघू!"

सगळे हसले. प्रसीताने डोळे मिटले.

पहिली ओळ सुरेख गेली.

दुसऱ्या ओळीला... पेटी गप्प झाली.

पेटीवाला दासन भाता हलवत होता. बोटं पट्ट्यांवर फिरत होती. आवाज मात्र नाही.

मी डग्ग्यावर थाप मारली...

काहीच नाही.

पंख्याची घरघर नाही. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न नाहीत. भरल्या खोलीत फक्त प्रसीताचा आवाज.

मग तिच्या पाठीमागे, भिंतीशी, जिथे कोणीच बसलं नव्हतं तिथे... कोणीतरी लाकडावर बोटाने ताल धरला.

टक... टक...

माझ्यापेक्षा संथ.

प्रसीता त्या लयीत गाऊ लागली. तिचे डोळे उघडले होते आणि माझ्यावर खिळले होते. ती मान हलवत होती, नको, नको म्हणून. तोंड मात्र गातच होतं.

आणि ती चाल त्या गाण्याची नव्हती. कुठल्याच गाण्याची नव्हती.

मी तबला ढकलून उठलो, तिचे खांदे धरून गदागदा हलवले. ती माझ्या अंगावर कोसळली. त्यासरशी सगळे आवाज परत आले.

सगळ्यात आधी टाळ्या.

लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. "मास्टरांची चाल! आजवर न ऐकलेली!" कुट्ट्याली चक्क रडत होता.

"अहो, ती बेशुद्ध पडलीय! पाणी आणा कोणीतरी!"

"थांब रे जरा," मागून कोणीतरी म्हणालं, "अंतरा राहिलाय."

त्या दिवसापासून प्रसीता एक शब्द बोललेली नाही. घसा ठणठणीत आहे, असं डॉक्टर म्हणतात. पण रोज दुपारी, जेवण झालं की, तिचे ओठ हलायला लागतात... आणि ती चाल थोडी पुढे सरकते.

मी आमिनुम्माकडे धावलो. तिने दार उघडलं नाही.

"इथून गेले ते," ती आतून म्हणाली. "मी सुटले. तू जा."

चाहते मात्र रोज येतात. फाटकाशी चपला काढतात, देवळात आल्यासारखे. "आज किती झालं?" विचारतात. मी शिव्या घालतो, काठी उगारतो. ते हलत नाहीत.

गेल्या आठवड्यात अळवीइक्कांनी खिडकीत गुपचूप फोन ठेवून तिचं गाणं टिपलं होतं. मी तो हिसकावून ऐकला.

चाल होती. मध्ये क्षणभर थांबली होती. आणि तिथे... प्रसीताचा आवाज. बारीक, लांबून आल्यासारखा.

"एट्टा... सोडव ना मला."

त्या दुपारी मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तिचा हात माझ्या हातात होता. मला हे ऐकू आलं नव्हतं.

मी रडत रडत इक्कांना ऐकवलं. त्यांनी फोन घेतला, डोळे पुसले आणि मान डोलावत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ती चाल गावभर पोचली. प्रसीताचे तेवढे शब्द कापून.

काल बसमध्ये माझ्या मागे बसलेला कोणीतरी तीच चाल गुणगुणत होता.

मी वळून पाहिलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरलो आणि घराकडे पळत सुटलो.